शीट सत्तेचाळीसवरचं तळं

काटकोनराव हे नाव त्यांना ऑफिसातल्यांनी दिलं आणि ते अगदी चपखल बसलं. चौतीस वर्षं सरकारी नकाशे काढलेला माणूस. चादरीची घडी तिरकी दिसली तरी त्यांचं डोकं फिरायचं. "माझ्या हातून शाईचा एक थेंब सांडला नाही," हे तर घरातल्या भिंतींनाही पाठ झालं होतं.

झालं काय, कुठल्याशा ग्रंथालयाने जुने नकाशे स्कॅन करून इंटरनेटवर फुकट टाकले. 'तळी वाचवा' मंडळाच्या बाईंना शीट सत्तेचाळीसवर एक निळं तळं सापडलं. आजचा नकाशा त्यावर ठेवून बघितला, तर तळ्याच्या बरोबर मधोमध काटकोनरावांच्या मेहुण्याचं, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाचं, सायकलींचं दुकान! लगेच नगरपालिकेची नोटीस आली. तळं बुजवून दुकान बांधलं म्हणे. सोमवारी सुनावणी, मग बुलडोझर.

"दाजी, माझ्या दुकानात पाणी असतं ते फक्त पंक्चर बघायच्या घमेल्यात हो!" मेहुणा रडकुंडीला आला.

काटकोनराव मात्र पुरते अडकले. कारण ते तळं नव्हतंच! त्यांच्याच हातून पडलेला निळ्या शाईचा थेंब होता तो. साहेबाच्या धाकाने त्याला सुबक काठ काढून त्यांनी तळं म्हणून खपवला होता. आता खरं बोलावं तर चौतीस वर्षांची अब्रू जाणार, आणि गप्प बसावं तर मेहुण्याचं दुकान.

रविवारी ते मुलीसमोर येऊन बसले. "ती साइट उघड."

मुलीने गावाचं नाव टाकलं. भलत्याच समुद्राचा नकाशा आला.

"अगं, नावाने काय शोधतेस? शीट नंबर टाक! सत्तेचाळीस. आधीची आवृत्ती."

ती आली. तिथे तळं नव्हतं. नुसता उतार आणि चार झाडं.

सुनावणीत मुलीने दोन्ही नकाशे पडद्यावर लावले. पण मंडळाच्या बाई कसल्या ऐकतात! "मधल्या काळात खोदलं असेल."

काटकोनराव ताडकन उठले. "ते तळं मोठं कर गं. अजून. या तपकिरी रेषा दिसतात? एका रेषेवर सगळीकडे उंची सारखीच. अशा तीन रेषा तळ्यातून आरपार गेल्यात. म्हणजे तळ्याचं एक टोक दुसऱ्यापेक्षा चांगलं चाळीस फूट वर! पाणी काय खिळे ठोकून बसवलं होतं?"

सगळे हसले. बाई चिडल्या. "मग कुठल्या गाढवाने काढलं हे?"

"मी," काटकोनराव म्हणाले आणि मान खाली घातली.

मेहुण्याचा जीव भांड्यात पडला, तशी त्याची जीभही सुटली. "वा दाजी! एक थेंब सांडला नाही, नाही का? पडला तरी कसा?"

"तुझ्यामुळेच की! शाळेच्या कपड्यांत धापा टाकत आलास आणि खिडकीतून बोंबललास, ताईला मुलगी झाली, दोघी सुखरूप! मग हात राहतो होय जागेवर?"

मुलगी पडद्याकडे बघतच राहिली. तिचे डोळे भरून आले.

अधिकाऱ्याने नोटीस रद्द केली, फाइलमधली नकाशाची प्रत पुढे ओढली आणि लाल पेन उघडलं. "तर मग या तळ्यावर फुली मारतो."

"खबरदार हात लावाल तर!" मुलगी म्हणाली.