लेकुरवाळी मरळ

ज्याला स्वतःला पोहता येत नाही, त्याने ढिवरांना मासे वाढवायला शिकवावं का?

मी शिकवायला गेलो होतो. वय बावीस, नागभीडजवळच्या एका गावात नवी मास्तरकी, आणि डोक्यात पत्रकं. माझे वडील चांद्याला एका छापखान्यात खिळे जुळवत. मी मुळाक्षरं गिरवली ती वाया गेलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर. सावकारी, शिवाशिव, खत, देवीची लस, सगळ्यावर पत्रक असे. छापलेलं ते खरं, असं मला कुणी शिकवलं नव्हतं. तसं मानूनच मी मोठा झालो.

गावाच्या धानाच्या बांध्यांना लागून एक बोडी होती, म्हणजे लहानसा तलाव. त्या उन्हाळ्यात ती तळापर्यंत आटली आणि मासे संपले. उरली फक्त मरळीची एक जोडी, तीही एका म्हाताऱ्या ढिवर बाईंमुळे. त्यांनी बोडीच्या पोटातच खड्डा खणला आणि पाऊस येईपर्यंत विहिरीवरून घागरी वाहून ती दोन जनावरं जगवली. पुढच्या साली बोडीत मरळ असणार की नाही, हे त्या जोडीवर होतं.

आषाढात जोडीने अंडी घातली. पिल्लं निघाली ती मुंगीएवढी, लाल-केशरी, एकाच पुंजक्यात वरखाली होणारी. मी काठावरून पाहत होतो. एकाएकी खालून एक मरळ उसळली आणि त्या पुंजक्यात जबडा मारून गेली. मत्स्यपालनाच्या पत्रकात लिहिलंच होतं: मरळ मांसाहारी आहे, लहान मासे खाते.

"बाई, ही आपलीच पिल्लं खाते. जोडी वेगळी काढावी लागेल."

"कोन म्हनते?"

"पत्रकात आहे."

त्या हसल्या. "कागद पान्यात उतरला होता काय, भाऊ? थे पोरं राखते."

मी भाषण सुरू केलं. विज्ञान, रूढी, नवा देश, काहीही सोडलं नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "मास्तर हायेस. कर." मालगुजारांच्या, म्हणजे गावच्या जमीनदारांच्या, अधिकाराविरुद्ध तावातावाने लिहिणारा मी, पण बाईंची ती कबुली माझ्या मुद्द्याला नव्हती, माझ्या खुर्चीला होती, हे मला तेव्हा कळलं नाही.

त्यांनीच जाळं टाकून जोडी काढून दिली. मी ती रांजणात ठेवली आणि वर पाटा टाकला. पिल्लांभोवती बांबूचा तट्टा उभा केला. पत्रकाबरहुकूम उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून पाण्यात सोडू लागलो. धान रोवायला निघालेल्या बाया थांबून पाहत. एक जण मोठ्याने म्हणाली, "आमच्या लेकराईले अंडं भेटत नाई, अन् मास्तर मासोळीले चारून राह्यला!" बाकीच्या खदखदल्या. मीही हसलो, पण ते वाक्य लागलं. अजून लागतं.

बलकाने पाण्याला वास सुटला. तट्ट्याच्या खुंटावर खंड्या येऊन बसू लागला. त्याला बसायची जागा मीच करून दिली होती. काठचे बेडूक आत शिरले. तिसऱ्या दिवशी सुपाएवढा पुंजका तळहाताएवढा उरला.

मी बाईंच्या घरी गेलो. त्या अंगणात जाळं सांधत होत्या. "पिल्लं मरून राह्यली, बाई. माझ्यामुळं," एवढंच बोलता आलं.

त्यांनी जाळं खाली ठेवलं. "चाल."

त्यांनी तट्टा उपटला आणि रांजण पाण्यात आडवा केला. जोडी निघाली आणि गवतात दिसेनाशी झाली. परत येईल का, हे बाईंनाही ठाऊक नव्हतं. बऱ्याच वेळाने पुंजक्याखालचं पाणी हललं. दोन काळ्या पाठी तिथे येऊन स्थिरावल्या. तेवढ्यात एका बेडकाने उडी घेतली आणि मरळ उसळली, अगदी पहिल्या दिवशीसारखी.

"पाह्यलं? पोरं खाल्ली का बेडूक खाल्ला?"

मला हसू आलं आणि रडूही. "मग बाई, तेव्हाच थांबवलं काऊन नाई मले?"

"सांगतलं ना. तू बोलून राह्यला होतास."

पोळ्यापर्यंत पिल्लं बोटाएवढी झाली. लाली जाऊन अंगावर काळपट रंग चढला आणि ती पांगली. किती जगली ते कसं मोजणार? बाई काठावर उकिडव्या बसून बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "पुरतीन."

त्या एका शब्दाइतकं मोठं प्रशस्तिपत्र मला आजवर मिळालेलं नाही. उन्हाळाभर राखलेली जोडी त्यांनी एका वाचाळ पोराच्या हाती दिली, आणि त्याने घोळ घातल्यावरही त्याला शिव्या न देता काठावर शेजारी बसवलं. पत्रकांवर माझा विश्वास आहेच. हेही एक पत्रकच समजा. पण पाहायला मला त्यांनी शिकवलं. छापखान्याने वाचायला शिकवलं त्याइतकंच ते मोलाचं आहे.

म्हणून वाचणाऱ्याकडे एक मागणं आहे. पावसाळ्यात तुमच्या गावच्या बोडीत असा लाल पुंजका दिसला, तर त्याच्या खाली लेकुरवाळी जोडी असते. पिल्लं सोडून ती जात नाही, म्हणूनच तिला मारणं सगळ्यांत सोपं. तिथे गळ टाकू नका. शेजारचा टाकत असेल तर त्याचा हात धरा, आणि महिनाभर धरून ठेवा.