गाडीचा टप

काल सिग्नलला शेजारी एक स्कूटर थांबली. मागे बसलेल्या बाईंनी उडणारे केस मुठीत धरले आणि मला सुमन आठवली, माझी बायको.

निवृत्तीनंतर आम्ही ही जुनी, उघड्या टपाची गाडी घेतली, ती केवळ रविवारी हुंदडायला. सुमननं चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, ओवाळलं. गाडी कोपऱ्यावर पोचते न पोचते तोच म्हणाली, "अहो, टप लावा बघू. केसांचं पार घरटं झालं."

"मग उघडी गाडी घेतली कशाला?" असं मी दर रविवारी कुरकुरायचो आणि उतरून तो कापडी टप लावायचो.

ती गेल्यापासून टप उघडाच असतो. हवा तेवढा वारा अंगावर येतो. शेजारच्या सीटवर झाडांची पानं पडतात. मला हवं होतं ते हेच. पण कुरकुरायलाही हक्काचं माणूस लागतं.

सिग्नल सुटल्यावर मी गाडी कडेला घेतली. सीटवरची पानं झटकली, टप ओढून दोन्हीकडच्या कड्या नीट अडकवल्या. मग आत बसून हळूच म्हणालो, "लावला गं."