आक्कांच्या फोटोतला जोसेफ

मिरजेतला माझा फोटो स्टुडिओ तुम्हाला माहीतच आहे. आज दुपारी ओळखीच्या एक आक्का साठच्या दशकातला घरचा फोटो साफ करून घ्यायला आल्या.

फोटोत त्यांच्याकडे भाड्यानं राहणारा जोसेफ. आफ्रिकेतून इथं डॉक्टरकी शिकायला आलेला. अंगणात बाजेवर झोपलाय आणि त्याच्या छातीवर आक्कांचा तान्हा भाऊ झोपलाय. शेजारी दोन वेण्या घातलेल्या लहानग्या आक्का.

आमच्या धंद्यात न विचारताच चेहरा उजळ करतात. मीही सवयीनं जोसेफचा केला.

आक्का स्क्रीनकडं बघतच राहिल्या. "ह्यो कोण?"

"तुमचा जोसेफ."

"न्हाई रं. त्यो काळा हुता. भावाला निजवाय आई नगं, त्योच लागायचा. हाय तसा ऱ्हाऊ दे त्याला."

मी त्याचा चेहरा पहिल्यासारखा केला. खरं सांगतो, बरं वाटलं.

उठता उठता आक्का हळूच म्हणाल्या, "मला तेवढं जरा उजळ कर. नातवंडं बघत्यात."

संध्याकाळी त्या फोटो न्यायला येतील. जोसेफचं काम झालंय. त्या दोन वेण्यांच्या पोरीपाशी मी तासभर अडकलोय.

तुम्ही काय केलं असतं?