आधी सांगा, मग हात लावा

सुधारगृहातल्या मुलांना खो-खो शिकवायला मी दर रविवारी जातो. माझं पोट बघता मी कधी धावलो असेन यावर मुलांचा विश्वास नाही, पण शिट्टी मी झकास वाजवतो. परवा रांगेत बसलेल्या महेशच्या पाठीवर मी दणदणीत थाप मारली, "खो!" तो धावलाच नाही. दोन्ही हातांनी डोकं झाकून अंग चोरून बसला.

"सर, त्याला मागून हात नका लावू," शेजारचा बंटी म्हणाला. "आधी सांगा, मग लावा."

पुढच्या डावात बंटी लांबूनच ओरडला, "महेश, खो देतोय रे!" मग हलकेच बोटं टेकवली आणि महेश सुसाट सुटला. हात लागायच्या आधी खो म्हणणं नियमात बसत नाही, म्हणून मी शहाण्याने फाउलची शिट्टी फुंकली. सगळी पोरं माझ्याकडे बघत राहिली.

तेव्हापासून मनात चुळबूळ आहे. पाठीवर हात पडला की मला शाबासकीच आठवते. त्याला काय आठवत असेल?

उद्या बाहेरच्या शाळेशी सामना आहे आणि पंच मीच. महेशने विचारलंय, "सर, सामन्यात पण फाउल?"

शिट्टी कुठे सापडत नाहीये, असं मी घरी आत्ताच सांगून ठेवलंय.