आश्विनात शिजलेली हळद

दादाने घेतलेल्या जुन्या लारीबद्दल आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, एकच गोष्ट सांगून ठेवली होती. अजून एकदा ती रस्त्यात बंद पडली, की ती विकायची आणि आमच्या मळ्यातली भाजी पहिल्यासारखी बैलगाडीने बाजाराला न्यायची. त्याआधी रिसोडच्या वाटेवर मालेगावजवळ ती अशीच उभी राहिली होती. पोत्यांतली वांगी उन्हात सुकली, आणि वाटेने जाणारा एक गाडीवान हसून म्हणाला, "आबा, लारीले बैल जुपून पाहा!" वडील ते विसरले नव्हते. दादा मात्र लारीशिवाय कशातच रमत नव्हता.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीच्या दिवाळीत मी सुटीला घरी आले होते. मी अमरावतीला मामांकडे राहून इंग्रजी शाळेत शिकत होते, आणि घरी आले की माझे बोलणे आणखीच कमी व्हायचे. मला रिसोडला मावशीकडे सोडायचे ठरले. त्याच दिवशी रिसोडचा बाजार होता. आबा म्हणाले, "मी बी येतो. पाहू तं खरं, चालते कशी तुयी लारी."

दादा नुसता "हाव" म्हणाला. चाक धरलेल्या त्याच्या बोटांची नखे पांढरी झाली होती.

मी दोघांच्या मध्ये बसले. माझ्या गुडघ्यांसमोर इंजिनाचा ताप दाखवणारा गोल काटा होता. आधी प्रत्येक चढावर तो वर जायचा आणि दादाला घाम फुटायचा. मग चार दिवसांपूर्वी रेडिएटरमधून, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या टाकीतून, पाणी ठिबकते आहे असे लक्षात आले, तेव्हा दादा स्वयंपाकघरात वहिनीकडे मूठभर हळद मागायला आला.

"कोनाचं लगीन हाये?" वहिनी म्हणाली.

"लारीचं. लाव हळद तिले."

कुठल्याशा ड्रायव्हरने त्याला सांगितले होते की रेडिएटरमध्ये हळद टाकली की भेग बुजते. ठिबकणे खरोखरच थांबले, आणि तेव्हापासून काटाही खाली बसला. दादा म्हणाला, हळदीने तिचा ताप उतरला. आबांना यातले काही ठाऊक नव्हते.

मालेगाव मागे पडले. आबा काट्याकडे बोट करून माझ्याकडे वळले.

"पाह्य वं बाई, काय लिवलं हाये त्याच्यावर?"

"इकडं थंड, तिकडं गरम."

"मंग आता काय म्हंते?"

"थंड."

"मडमेचं खरं माना, आबा," दादा म्हणाला. तो मला चिडवत होता, पण त्याचा जीव भांड्यात पडलेला आवाजातून कळत होता.

काटा थंडवर होता हे खरेच होते. पण आम्ही निघून बराच वेळ झाला होता, आणि तो जागचा जरासुद्धा हलला नव्हता. लारी चढ चढली, उतरली, गुरांच्या मागे रेंगाळली, तरी तो तसाच. चपलेखालचा पत्रा मात्र तापत चालला होता. आधी मी पाय उचलून बसले. मग पाय कुठे ठेवावेत ते कळेना.

शिरपूरच्या देवळाला जाणारी माणसे रस्त्याच्या कडेने चालली होती. ती मागे पडली आणि आबांनी नाक वर केले.

"हळद शिजवून राह्यलं कोनी?"

दादाने गियर बदलला.

"आश्विनात? हळद तं अजून वावरात हिरवी उभी हाये." आबा बाहेर वाकून शेतांकडे पाहू लागले. त्यांनी जन्मभर हळद पिकवली होती. कढईतल्या हळदीचा वास त्यांना चुकणे शक्य नव्हते.

मलाही तो वास येत होता, आणि तो शेतांतून येत नव्हता. मी दादाकडे पाहिले. त्याच्या कपाळावर घाम होता. तो एकदा काट्याकडे बघे आणि एकदा रस्त्याकडे. काटा थंड म्हणत होता, आणि त्याला काट्यावर विश्वास ठेवायचा होता. त्याने लारी थांबवली तर लारी जाणार होती. नाही थांबवली तर इंजिन जळणार होते, म्हणजे तरीही लारी जाणार होती.

"काय म्हंते वं ते?" आबांनी पुन्हा विचारले.

"थंडच," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. इंजिनातून बारीक ठोके यायला लागले होते.

खरे काय ते सांगायला तोंड उघडले, पण आबा शेजारीच होते; त्यांनी ऐकले तर लारी विकलीच असती. मी पदर तोंडाला लावला.

"दादा, थांबव. मले मळमळून राह्यलं."

लारी थांबायच्या आत मी आबांना ओलांडून उतरायची धडपड केली. ते घाईने खाली उतरले. विहीर जवळच होती. ते पाणी आणायला गेले, आणि दादाने बॉनेट उचलले.

रेडिएटरच्या झाकणाला फडके लावताच आतून फुसकारा आला. तो मागे सरला, थांबला, मग हळूहळू झाकण फिरवले. थोडी वाफ निघाली. आत पाणी जवळजवळ नव्हतेच. खाली धुळीत पिवळा ओघळ होता. काट्याला जोडलेली तांब्याची नळी रेडिएटरच्या पाण्यात बुडलेली असे; दादाने तिचे टोक उपसून काढले. त्यावर हळदीचा थर घट्ट बसला होता, आणि पाणी आटल्याने ते आत कोरडेच लोंबत राहिले होते.

"पान्यात बुडालंच नाई तं सांगन काय?" तो पुटपुटला. "काटा खोटा नोता. मीच..."

"आबा आले," मी म्हणाले.

आबांच्या हातात भरलेली बादली होती. त्यांनी मला ओंजळीने पाणी पाजले. मी दोन घोट घेतले. मग ते लारीकडे गेले, वाकले, ओघळाला बोट लावले आणि ते नाकाशी नेले. मी जमिनीकडे बघत राहिले.

"पोरीचं पोट निवू दे," ते दादाला म्हणाले, "मंग पानी वत. तापल्या भांड्यात थंडं पानी वतलं तं तडकते."

आम्ही झाडाखाली बसलो. नंतर दादाने टोक घासून बसवले, इंजिन सुरू करून धारेने पाणी घातले. परत बसल्यावर काटा थरथरला आणि मधोमध येऊन उभा राहिला. तो चढलेला पाहून मला एवढे बरे वाटेल, असे कधी वाटले नव्हते.

रिसोडला पोचलो तेव्हा बाजार भरात होता. ओळखीचा एक बागवान पुढे आला.

"आबा, इतका येळ? लारी बसली वाटते!"

दादा फळी उघडता उघडता थांबला.

"लारीले काय धाड भरली?" आबा मोठ्याने म्हणाले. "पोरीले मळमळलं. बसत बसत आलो."

सारा बाजार माझ्याकडे वळला. दोन बायांनी मला सावलीत नेले, एकीने कपाळाला पाणी लावले, त्या बागवानाने लिंबू कापून दिले. लोकांच्या नजरा टाळत मी लिंबू हुंगत बसले. पलीकडे आबा दादाला हात देऊन वांग्यांची पोती उतरवत होते.