ताईयोझोकू

आंजीच्या मोटारस्टँडवर आमची चौघांची टोळी बसली की गावाला वाटायचं, पोट्टे बिघडले. बिघडलो कसले! कपाळावर केसांचा फुगा, अंगात फुलाफुलांचा बुशशर्ट आणि एका चहात दोघं, एवढाच काय तो आमचा गुन्हा. पण तो फुगा म्हणजे माझा जीव की प्राण. खोबरेल चोपडून, ओल्या हातानं वळवून वळवून तो उभा करायचा आणि मग मानसुद्धा बेतानं हलवायची.

बाबा शाळामास्तर. गावचा न्हावी आम्हाला हात लावत नसे, म्हणून घरातल्या सगळ्यांचे केस बाबाच कापायचे. आम्ही नुकतेच बौद्ध झालो होतो आणि बाबांना आता घरातलं सगळंच नीटनेटकं हवं होतं. "हे झुडूप या रविवारी छाटतो," असं ते म्हणायचे आणि रविवार आला की मी पसार.

शेवटी त्यांनी जालीम उपाय काढला. वर्ध्याजवळच्या एका आश्रमात सूत कातायला शिकायला एक जपानी तरुण आला होता. जपान म्हणजे बुद्धाला मानणारा देश, त्यात पाहुण्याचं डोकं गुळगुळीत. बाबांनी त्याला जेवायला बोलावलं, मला त्याच्यासमोर पाटावर बसवलं आणि कात्री हातात घेऊन म्हणाले, "तुमच्याकडचे पोट्टे कसे राह्यतात, सांगा याले."

माणूस भलताच सरळ. मोडक्यातोडक्या हिंदीत सांगू लागला की तिकडं पोरं कपाळावर केस वाढवतात, रंगीत शर्ट आणि काळे चष्मे घालतात, दिवसभर समुद्रकाठी लोळतात. लोक त्यांना 'ताईयोझोकू' म्हणतात.

"ताई?" बाबा एकदम खूश. "बरोबर नाव ठेवलं. पोरीवाणीच दिसतात हे."

"ताई नहीं. ताईयो. सूरज. सूरज की टोली." मग जरा लाजून तो म्हणाला, "मैं भी था."

मला तर त्याला मिठीच मारावीशी वाटली. बाबांची कात्री हवेतल्या हवेत. पण मास्तर ते, इतक्यात हार कशी मानतील?

"मंग तुमचं डोकं कोणी भादरलं? वडलानं?"

पाहुणा ताटाकडे बघत बोलला. वडिलांना त्याचे केस अजिबात खपत नसत, त्यापायी दोघांचं बोलणंही बंद झालं होतं. वडील वारले त्या दिवशी त्यानं स्वतःच डोकं भादरून घेतलं. "पिताजी ने देखा नहीं," तो म्हणाला.

चुलीपाशी आईचा भाकरी थापणारा हात थांबला. माझा मघाचा आनंद पार उतरला. जन्मात पहिल्यांदा मला बाबांची भीती नाही, काळजी वाटली. मी मान पुढं केली. "कापा, बाबा."

बाबांनी माझ्या फुग्यात बोटं घातली. तेलानं हात माखला तरी काढले नाहीत.

"राहू दे," ते म्हणाले. "मले पाह्यचं हाय."