भाडेकरूंचा रकाना

“आधी सावली बघू.” गच्चीवर पाऊल टाकलं की कपाळावर आडवा हात धरून त्या एवढंच म्हणायच्या. पाण्याच्या टाकीची सावली, शेजारच्या भिंतीची सावली, सगळं पाहून झाल्याशिवाय पान्याला हात लावायच्या नाहीत. पुंडलिकनगरात राहत असाल तर तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. पंजाबी ड्रेसवर पुरुषी शर्ट, डोक्याला रुमाल, खांद्यावर वायरचं भेंडोळं. आमच्या भागात सोलर बसवणाऱ्या त्या एकट्याच बाई.

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. कोणते देश उन्हाची-वाऱ्याची वीज जास्त वापरतात आणि का, यावर तेव्हा माझा शोधनिबंध चालू होता. लोकांचं उत्पन्न, शिक्षण, तेलाचे भाव, सरकारी धोरण, सगळे रकाने भरले होते. तरी सारख्याच श्रीमंत देशांत एवढा फरक का, ते उलगडत नव्हतं.

माझ्या गच्चीचं काम संपवून त्या चहाला बसल्या, तेव्हा मी हौसेने त्यांना तो तक्ता दाखवला. बराच वेळ बघून म्हणाल्या, “सर, यात भाड्यानं राहणारे कुठं हायत?”

“त्यांचा काय संबंध?”

“असं कसं? मी बारा वर्षं लोकायच्या गच्च्यांवर चढते, पण माझ्या खोलीवर एक पॅनल नाय. मालक म्हणतो, छत माझं हाय. तिकडल्या देशांत भाडेकरू नसत्यात व्हय?”

मी तो रकाना वाढवला. जिथं भाडेकरू जास्त, तिथं छतावरची वीज कमी, असं दिसलं आणि अडलेला निबंध पुढे सरकला.

क्रांती चौकाजवळच्या एका सभागृहात मी तो वाचला. त्यांना मीच बोलावलं होतं. इस्त्रीची साडी नेसून त्या शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. वाचन संपल्यावर अध्यक्षांनी विचारलं, “भाडेकरूंचा मुद्दा फार वेगळा आहे. कसा सुचला?”

शेवटच्या रांगेतल्या त्या बाईंचं नाव अगदी ओठांवर आलं होतं. पण समोर सगळे प्राध्यापक बसलेले.

“आकडेवारी चाळता चाळता सुचला,” मी म्हणालो.

टाळ्या पडल्या. त्यांनीही वाजवल्या.

बाहेर भेटल्या तेव्हा माझी नजर वर होईना. “लई बेस झालं, सर,” त्या म्हणाल्या. “मी सांगितलं असतं तर कुणी ऐकलं असतं व्हय?” त्यात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

छापील निबंधातही त्यांचं नाव नाही. आभारात एक ओळ सहज मावली असती.

पुढे मालकानं खोली रिकामी करून घेतली आणि त्या लेण्यांजवळच्या फर्दापूरला गेल्या. तिथल्या हॉटेलांची कामं मिळत होती. गेल्या उन्हाळ्यात मी मुद्दाम गेलो, माफी मागायचीच असं ठरवून. त्या एका हॉटेलच्या पत्र्यावर होत्या.

“अगं बाई, सर! वर येऊ नका, पत्रा तापलाय. काय काम काढलं?”

खाली हॉटेलमालक आणि दोन कामगार उभे होते. तिघंही माझ्याकडे बघायला लागले.

“काही नाही. लेणी बघायला आलो होतो, सहज थांबलो.”

“मग पाणी पिऊन जावा. लई ऊन हाय,” असं म्हणून त्या पुन्हा वाकल्या आणि बोल्ट आवळू लागल्या.